बँक सोडून जवारीकडे

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी राष्ट्रीयीकृत बँकेतली सीनियर मॅनेजरची नोकरी सोडली आणि मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारा घुमाव्यात म्हणून त्यांच्या खालची घोडी घासायला, शिकू लागले. ओळखीतले लोक अजून ‘असं का केलंस?’ विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. बँकांच्या १९९५ च्या पेन्शन नियमांनुसार वीस वर्षं नोकरी झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन मिळते. माझी नोकरी त्याहून जास्त झाली होती. घराचं कर्ज फिटलं होतं, लेक बंगळुरूला कमावती झाली होती. यातलं एक जरी नसतं तरी मी अर्ज केला नसता. १ एप्रिल २०१० पासून बँकेत लागलेल्यांना ही पेन्शन नाही, त्यांचं एनपीएस, म्हणजे ठरलेल्या रकमेची हमी नसलेली राष्ट्रीय पेन्शन योजना. त्यांना ‘मनाचं ऐका’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. सासूबाईंनीसुद्धा एवढंच विचारलं, “पेन्शन चालू राहणार न्हवं?” आणि चहा टाकायला उठल्या.

बँकेचं मूळ काम मला आवडायचं. पीककर्जाची फाईल वेळेत मंजूर झाली की द्राक्षबागेच्या छाटणीला पैसा हातात पडायचा, त्यात अर्थ होता. पण पुढे पुढे तोच बागायतदार कर्ज नवं-जुनं करायला समोर बसला की त्याच्यापुढे विम्याचा फॉर्म सरकवायचा, असं सुरू झालं. त्याला पॉलिसी नको असायची, आणि नको म्हणायची भीतीही वाटायची. ती भीती मला समोर दिसायची. चीफ मॅनेजरच्या प्रमोशनचा अर्ज आला तेव्हा मी तो भरलाच नाही.

गाणं मी कॉलेजपासून शिकत होते, त्यामुळे तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत जाणं-येणं जुनंच. ही गल्लीच मुळात धंदा बदललेल्या लोकांची आहे. इथले पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार-पाणी करणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं आणि फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, गवयांचा राबता वाढला, वाद्यांना मागणी आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोलादावर चालणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर बसवायला फरीदसाहेबांना किती कष्ट पडले असतील, हे मला आता थोडंफार कळतं.

मी ज्यांच्याकडे शिकते त्यांना सगळे चाचा म्हणतात. पहिले कितीतरी महिने त्यांनी मला फक्त तारा चढवायला आणि सुरात लावायला दिल्या. मग कानस हातात आली. तारा ज्यावरून जातात त्या हाडाच्या घोडीच्या माथ्याला इतका हलका उतार द्यायचा की छेडलेली तार त्याला घासत, सुटत थरथरेल. तारेचा माग हाडावर चकाकतो, तो बघून कुठे घासायचं ते ठरतं. उतार बिघडला की आवाज बंद होतो, नाहीतर नुसता झणझणतो. प्रत्येक वेळी तारा ढिल्या करून बाजूला सारायच्या, कानस फिरवायची, पॉलिशपेपर मारायचा, पुन्हा तारा चढवायच्या, सुरात लावायच्या, तारेखाली दोरा सरकवत जागा शोधायची. “ताई, घाई नगं. एक हात मारा, मग ऐका,” चाचांचं हे दिवसभर चालू असतं.

मागे एका मुलीने आजोबांचा तंबोरा आणला. ते काळी एकला गात, ही काळी चारला, म्हणजे बऱ्याच वरच्या सुरात. जाड तारा तेवढ्या ओढल्या तर तुटणार, म्हणून सगळ्या बदलल्या. तारा बदलल्या की जुनी जवारी चालत नाही. चाचांनी ते वाद्य पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्यावर सोडलं. संध्याकाळी उशिरा पितळी खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून, गंधार ऐकू यायला लागला. तो कुणी वाजवत नाही, खर्ज नीट लागला की आपोआप उमटतो. काम झालं हे मला कुणी सांगावं लागलं नाही. बँकेत इतकी वर्षं काढली, पण तिथे असं कधी झालं नव्हतं. मार्चअखेर आकडा गाठला की एप्रिलला नवा आकडा तयार असायचा.

मिळकत म्हणाल तर फार नाही. माझा एसटीचा आणि जेवणाचा खर्च निघून थोडे उरतात. जमिनीवर बसून गुडघे धरतात, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले व्यायाम सकाळी करते. ह्यांना सुरुवातीला काळजी होती, आता रविवारी तेही सोबत येऊन बसतात.

सध्या चाचांनी नवं काढलंय. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. या वेळी त्यांच्याबरोबर मीही जायचं आहे. साल किती जाड, आकार किती गोल हे शेतातच पारखावं लागतं म्हणे. लेकीने विचारलं, “आई, तुला त्यातलं काय कळतं?” अजून काहीच नाही, म्हणून तर निघाले आहे.