मुलांना घेऊन कर्नाळा : ऑक्टोबरातली चढण

कर्नाळ्याला मुलं दमतात ती उन्हाने. पाऊस गेलेला, वारा पडलेला आणि रानात दमट उकाडा कोंडलेला. म्हणून कुटुंबं नेताना आम्ही वेळ आधीच ठरवून टाकतो: दहाला जिथे असू तिथून मागे फिरायचं, गडाचा सुळका समोर दिसत असला तरी.

पनवेल सोडून गोवा महामार्गाला लागलं की शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे गाव. काय सांगायचं ते मुलांना गाडीतच सांगावं, चढावर श्वास पुरत नाही. अभयारण्याचं गेट रस्त्यालगतच आहे. तिथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात, अनामत घेतात. दहा-बारा जणांत वेफर्सची पाकिटं निघाली की अर्धा तास तिथेच जातो. आम्ही दशम्या, चटणी आणि गूळ-दाणे स्टीलच्या डब्यांत नेतो. पाणी मोठ्यांना दोन लिटर, आठ-दहा वर्षांच्या मुलाला दीड. गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी मुलांना पाजू नये.

वाटाड्या पुढे, सरावलेला माणूस शेवटी, मुलं मध्ये. चालीचा वेग सगळ्यांत लहान मुलाचा. सहा वर्षांच्या आतलं कुणी असेल तर गड विसरून खालची हरियाल नावाची पायवाट धरावी. पक्षी तिथेच जास्त दिसतात. हे 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य, आणि लोक मात्र गड गाठायच्या घाईत पक्षी बिथरवतात. सकाळी पक्ष्यांच्या मिश्र टोळ्या फिरतात. भृंगराज पक्षी ओरडला की थांबायचं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. त्याच्या मागोमाग इतर पक्षी येतात. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी अशीच दिसते.

कपडे सुती, पायघोळ आणि गुळगुळीत. लोकरी मोजे नकोत: या दिवसांत गवत पिकतं, कुसळं मोज्यांत घुसतात आणि मूल दर शंभर पावलांना खाली बसतं. झाडावर पानं शिवून केलेलं घरटं दिसलं तर फांदीला हात लावू नये, त्यात हुमले, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या असतात.

वर कर्णाई देवीचं देऊळ लागलं की सगळ्यांना गप्प करायचं. सुळक्याच्या कपारींत आग्या मधमाश्यांची पोळी असतात. धूर, अत्तर, आरोळ्या आणि फेकलेला दगड यांतलं काहीही त्यांना पुरतं. म्हणून डिओ घरीच ठेवायला सांगतो. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नये. तोंड झाकून आल्या वाटेने झाडीत उतरावं. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून लगेच काढावा. खूप डंख झाले किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना.

घसरतात बहुतेक जण उतरताना. पावसात धुपलेला मुरूम आता सुटा झालेला असतो, त्यावर पानांचा थर, आणि पाय तोवर थकलेले. मुलाचा हात धरून ओढू नये, दोघंही जातात. मोठ्याने एक पाऊल खाली, तिरकं उभं राहावं. कठीण टप्प्यावर बसून उतरायला लाजू नये. चड्डी मळते, एवढंच.

गेटच्या अलीकडे बाटल्या, पाकिटं एका पिशवीत जमवून मोजून घ्यावीत. एक कमी भरली की अनामत अडते.