बाग साफ करायची राहिली

बाग साफ करायची असं मी गेले तीन रविवार म्हणत होतो. चौथ्या रविवारी खरंच कात्री, खराटा, पोतं असा सगळा जामानिमा घेऊन बाहेर पडलो आणि पहिलाच सूर्यफुलाचा वाळका दांडा वाकवला तर गुंडाळी झालेल्या पानात काहीतरी लाल चमकलं. आधी वाटलं बिया असतील. चष्मा लावून बघतो तर लेडीबग, आणि तेही एकदोन नाही, चांगले अकरा, डोकी आत, पाठी बाहेर, एकमेकांना चिकटून बसलेले.

सगळे सात ठिपकेवाले. मोजायला वेळ भरपूर होता कारण कोणी हलतच नव्हतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि सातवा बरोबर मधे, दोन पंखांच्या सांध्यावर अर्धा-अर्धा वाटून घेतलेला. लहानपणी कोणीतरी सांगितलेलं की जेवढे ठिपके तेवढं वय, आणि मी ते चाळिशीपर्यंत खरं धरून चाललो होतो! प्रत्यक्षात बिचारा जगतो साधारण वर्षभर. कोषातून निघतो तेव्हा तर नुसता पिवळा असतो, ठिपके नंतर काही तासांत उमटतात आणि मग मरेपर्यंत तेवढेच.

शेतीवाले याला ढालकिडा म्हणतात. मला ते नाव जास्त आवडतं, पाठ बघितली की पटतंच. लेडीबग किंवा लेडीबर्ड, त्यातली लेडी म्हणजे येशूची आई मेरी, त्यामुळे यातले जे नर असतील त्यांनाही आयुष्यभर लेडीच म्हणवून घ्यावं लागतं.

तर मी एकाला बोटानं हळूच ढोसलं. त्यानं पाय पोटाशी घेतले आणि गुडघ्यातून पिवळा थेंब सोडला. हे त्यांचं रक्तच असतं, कडू, खाणाऱ्याला थू म्हणायला लावणारं. बोटाचा वास साबणानंही लवकर गेला नाही, पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणानं. हे लोक थंडीआधी मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारे बारीक किडे, खाऊन खाऊन चरबी साठवतात, अंडीबिंडी सगळं पुढच्या मोसमावर ढकलतात आणि मग अंगातला खर्च अगदी कमी करून त्या शिदोरीवर महिनेच्या महिने काढतात, आणि मी त्यातला एक थेंब नुसता गंमत म्हणून सांडायला लावला.

मग प्रायश्चित्त म्हणून डबीत घालून घरात उबेला ठेवावं असा विचार आला, तो बरं झालं मनातच राहिला. उबेनं त्यांना जाग येते, ते हिंडायला लागतात, साठा भराभर संपतो आणि घरात मावा कुठून आणणार? शिवाय इथे ते उगाच जमलेले नाहीत. जागा बरी वाटली की अंगाचा वास तिथे राहतो, त्या वासावर बाकीचे येतात. म्हणजे मी ज्याला कचरा म्हणत होतो त्याचा पत्ता यांच्यात फिरलेला होता.

आता एक कबुलीही देऊन टाकतो. मागच्या मोसमात गुलाबाच्या कळ्यांवर मावा पडला तेव्हा त्यात काळ्या, पाठीवर नारिंगी ठिपक्यांच्या, चिमुकल्या सुसरीसारख्या अळ्या फिरत होत्या, आणि हीच ती कीड म्हणून मी त्या एकेक वेचून चिरडल्या. यांचीच पोरं होती ती, मावाच खात होती. मावा नंतर का वाढला याचं खापर मी तेव्हा खतावर फोडलं होतं.

दांडा परत सरळ केला, मोडू नये म्हणून काठीला सुतळीनं बांधला. पालापाचोळ्यालाही हात लावला नाही, त्यात अजून किती असतील कोण जाणे. घरातून विचारणा झाली, "झाली का साफ?" मी म्हटलं, बागेत पाहुणे आहेत. उत्तर आलं, "तीन रविवार होतेच की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन बरं होतं. एकजण पानाच्या कडेला येऊन बसला होता, आतल्या पातळ पंखाचं टोक लाल ढालीखालून बाहेर राहिलेलं, घाईत शर्ट नीट न खोचल्यासारखं. पाचेक मिनिटं नुसता बसला. मग ऊन सरकलं तसा हळूहळू आत गेला, टोक तसंच बाहेर.