आश्विन-कार्तिकातला कटला : होडी, पेंड आणि पाण्याची खोली

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील तलाव भाद्रपद संपेपर्यंत काठोकाठ भरलेले असतात, पण त्या पाण्यात गळ टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण ओढ्यांनी वाहून आणलेला तांबडा गाळ अजून खाली बसलेला नसतो. दसऱ्याच्या सुमारास पाणी निवळू लागते, ऊन आतपर्यंत पोहोचते, पाण्यावर हिरवट झाक चढते आणि तेथून पुढे मार्गशीर्षातील थंडी जाणवेपर्यंत कटला आणि रोहू चांगले चरतात. या दिवसांत मत्स्यबीज सोडलेल्या तलावात होडीतून गळाने कटला पकडायला मी कसा शिकलो, ते येथे सविस्तर लिहीत आहे. काठावर बसून गळ टाकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण होडीतून टाकणारे थोडे आणि आपली रीत लिहून ठेवणारे त्याहून थोडे, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात परवानगीपासून होते. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जलाशयांचा परिसर अभयारण्याला लागून असल्यामुळे तो विचार मी पहिल्यांदाच बाजूला ठेवला. उरतात ते लहान-मध्यम पाटबंधारे तलाव. त्यांतील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो आणि बीजही तीच संस्था विकत घेऊन सोडते. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात ते अंडी घालतात, साचलेल्या तलावात सहसा घालत नाहीत. ओडिशात १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी या माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवून आणले आणि त्यानंतरच देशभर खात्रीचे बीज मिळू लागले. म्हणजे अशा तलावातला बहुतेक प्रत्येक कटला कोणीतरी बोटुकली (बोटाएवढे पिल्लू) म्हणून पैसे मोजून सोडलेला असतो, आणि न विचारता तो काढणे ही माझ्या मते सरळ सरळ चोरीच आहे. मी संस्थेच्या सचिवांना भेटलो, दिवसाचे शुल्क भरले आणि लेखी चिठ्ठी घेतली. सांडवा आणि दरवाजांच्या आसपास होडी न्यायची नाही, लहान मासा जिवंत परत सोडायचा आणि ठेवलेला मासा काठावर वजन करून संस्थेच्या दराने घ्यायचा, या त्यांच्या अटी होत्या. तलावाचे नाव मात्र लिहू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती मला योग्य वाटते.

होडी संस्थेच्याच एका सभासदाची मिळाली आणि ती चालवायला स्वतः तेच आले. वयाने मोठे असल्याने सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तसेच म्हणू लागलो. पुढे जे लिहीत आहे त्यातले निम्म्याहून अधिक त्यांचे आहे.

मी जाण्यापूर्वी बरेच वाचले होते, पण ते प्रामुख्याने थंड देशांतील ट्राउट माशाविषयी होते. तिकडेही तलावात बीज सोडतात. शरद ऋतूत वरचे पाणी गार झाले की उन्हाळाभर खोल राहिलेला ट्राउट वर येतो, आणि होडी संथपणे चालवत मागे चकाकणारे आमिष ओढले की तो त्याचा पाठलाग करतो. आपल्या देशात काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात तो मासा आहे, पण कोल्हापूरच्या तलावात तो जगणार नाही. आणि कटल्याची रीत नेमकी उलटी आहे. त्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले असते. तो पाण्यातले बारीक प्राणिप्लवंग गाळून खातो आणि कशाच्या मागे धावत नाही. म्हणून चालती होडी त्याच्या उपयोगाची नाही. होडी एका जागी खिळवून ठेवायची आणि मासा तिच्याजवळ यावा अशी व्यवस्था करायची, एवढाच मार्ग उरतो.

तात्यांनी पहिल्याच दिवशी मला हे एका वाक्यात सांगितले होते. “पेंड कसली बी घाला पाव्हणं, होडी गप ऱ्हायली न्हाई तर मासा थांबत न्हाई.” यामागे शास्त्रही आहे. कटला-रोहूच्या कुळातील माशांमध्ये हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचे ऐकणे फार तीक्ष्ण असते. ट्राउटमध्ये अशी साखळी नसते. शिवाय पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून तात्या होडीच्या तळावर ओले गोणपाट पसरतात, वल्हे ठेवायची जागा जुन्या ट्यूबच्या रबराने गुंडाळतात आणि डबा, बाटली, वजनकाटा असे काहीही उघड्या फायबरवर ठेवू देत नाहीत. नांगर म्हणून ते लोखंड वापरत नाहीत. खताच्या पोत्यात वाळू भरून त्याचे तोंड दोराने आवळतात आणि ते पोते हाताने हळूहळू खाली सोडतात. पाण्यात टाकून देत नाहीत. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट हवा, नाहीतर पोते तळाला धरत नाही आणि होडी सरकत राहते.

नांगर दोन लागतात, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. सकाळी वारा मंद असतो तेव्हा होडी वाऱ्याच्या दिशेला आडवी बांधतात, म्हणजे दोघांनाही एकाच बाजूला गळ सोडता येतो आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) होडीपासून दूर वाहत जाते. पण साधारण अकराच्या पुढे वारा वाढला की आडव्या होडीवर लाटा आपटू लागतात, ती डोलते आणि खालची पेंडही तिच्याबरोबर वर-खाली होते. त्या वेळी मागचा नांगर उचलून होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे होऊ द्यायचे. हा बदल वेळेवर करणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

होडी कोठे बांधायची, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. धरण होण्यापूर्वी त्या जागी तात्यांच्या आजोबांची शेती होती. पाण्याखाली कोणती ताल (शेताचा बांध) कोठे आहे, जुनी गाडीवाट कोठून जात होती, विहीर कोठे होती, हे त्यांना घरात ऐकून पाठ आहे. काठावरच्या देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचे एकटे झाड एका रेषेत आले की ते वल्हे थांबवतात आणि दुसऱ्या बाजूची खूण पाहतात. “ह्या दोन खुणा जुळल्या की खाली आमच्या मळ्याची ताल,” असे ते म्हणाले, तेव्हा मी शिशाचा तुकडा बांधलेली दोरी सोडून पाहिली. होडीच्या एका बाजूला पाणी सुमारे अकरा फूट भरले आणि दुसऱ्या बाजूला सतरा. अशा पायरीच्या कडेने मासा ये-जा करतो. दगडी ताल असेल तर तिच्यावरचे शेवाळ खायला रोहूही येतो; त्याच्या खालच्या ओठाला झालर असते आणि तो दगडावरचे, बुडालेल्या खुंटावरचे खरवडून खातो. मृगळ मात्र तळाशीच चरतो. तिन्ही मासे एकाच तलावात सोडण्याचे कारणही हेच, की ते पाण्याचे वेगवेगळे थर वापरतात.

खोली ठरवण्यासाठी तरंगणारी कांडी सरकती ठेवतात आणि तंगुसावर दोऱ्याची बारीक गाठ मारून तिला अडवतात. तात्यांची कांडी मोराच्या पिसाच्या दांड्याची आहे, माझी बाजारातली होती; दोन्ही चालतात. उजाडताच आम्ही पेंड साधारण चार फुटांवर ठेवत असू. तरीही पहाटेचा पहिला तास बहुतेक वेळा रिकामा जातो, आणि त्याचे कारण समजून घेतले की उतावीळपणा राहत नाही. रात्रभर पाण्यातील शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी कटला वर येऊन तोंड उघडताना दिसला तरी तो चरत असतोच असे नाही. ऊन पाण्यावर पडून तास-दीड तास झाला की चरणे सुरू होते. ऊन चढते तसा मासा खाली जातो, आणि आम्हीही दर अर्ध्या तासाने गाठ फूटभर सरकवत सहा, सात, आठ फुटांपर्यंत जातो. ढगाळ दिवशी मात्र तो दुपारपर्यंत वरच राहिलेला मी पाहिला आहे.

आता पेंड. शेंगदाण्याची पेंड दोन भाग घेऊन ती खलबत्त्यात कुटून चाळायची, तांदळाचा बारीक कोंडा एक भाग घालायचा, मूठभर भाजलेल्या मेथीची पूड आणि थोडी बडीशेप घालायची, आणि हे सर्व काकवीत कालवायचे. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळे सुरू झाली की ताजी काकवी मिळते, तोवर गुळाचे पाणी पुरते. मळायला तलावाचेच पाणी घ्यावे, कारण नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो. मळून झाले की लिंबाएवढा गोळा करून पाण्याच्या बादलीत धरायचा. आठ-दहा मिनिटांत त्याच्या कडा सुटू लागल्या पाहिजेत आणि अर्ध्या तासात तो पूर्ण विरघळला पाहिजे. लवकर फुटला तर थोडी कणीक घालायची, फुटलाच नाही तर कोंडा वाढवायचा. पाणी जितके निवळ, तितकी पेंड बारीक हवी, कारण कटला गोळा खात नाही. गोळ्यातून पसरणारा ढग तो तोंडात ओढतो. म्हणूनच गळ एक नसतो. चार-पाच लहान गळ बोटभर मऊ दोऱ्यांवर बांधून त्यांचा झुपका करतात आणि त्यांची टोके गोळ्यात अलगद खोचतात. गोळा सुटत जातो तसे ते मोकळे होऊन ढगात लोंबत राहतात आणि पेंडीबरोबर माशाच्या तोंडात जातात. रोहूसाठी याच पिठाचा घट्ट गोळा एका गळावर पुरतो. मृगळाला गांडूळ आवडते, पण गांडुळावर चिलापी (तिलापिया मासे) आधी येतात, म्हणून कटल्याच्या दिवशी मी ते होडीत घेत नाही.

दर अर्ध्या तासाने नवा गोळा त्याच जागी, त्या वेळच्या खोलीवर सोडणे हे कंटाळवाणे वाटले तरी खरे काम तेच आहे. एका ठिकाणी पेंडीचा माग टिकून राहिला की मासा तेथे रेंगाळतो. मासा आला की कांडीभोवती बारीक बुडबुडे दिसतात, ती थरथरते, कधी कधी बोटभर वर उचलली जाऊन आडवी होते, कारण मासा खालून गोळ्याचे वजन उचलतो. बुडण्याची वाट पाहत बसलेल्याच्या हातून नेमकी हीच वेळ जाते. कांडी आडवी झाली की मनगटाने एक छोटा झटका पुरतो.

अडकलेला कटला प्रथम खोल आणि सरळ पळतो. रिळाचा ताण सैल ठेवून त्याला तंगूस द्यावी. नांगराच्या दोरात तो गुंतू नये म्हणून सोबतच्या माणसाने मागचे पोते ताबडतोब वर घ्यावे. ही कामाची वाटणी पाण्यावर जाण्यापूर्वीच ठरलेली हवी, आणि म्हणूनही एकट्याने होडीतून गळ टाकू नये असे मला वाटते. मासा दमला की आधीच पाण्यात बुडवून ठेवलेल्या जाळीवर त्याला ओढायचे.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. आजच्या गळाच्या बहुतेक काठ्या कार्बन तंतूंच्या असतात आणि त्या वीजवाहक असतात, म्हणून ढग दाटू लागले की काठ्या आडव्या ठेवून काठ गाठायचा, मासा कितीही चांगला लागत असला तरी. जीवरक्षक जॅकेट तर संपूर्ण वेळ अंगावर हवेच. तात्या पट्टीचे पोहणारे आहेत, तरी तेही ते घालतात.

लहान मासा सोडताना हात ओले करून धरावा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. गळ पाण्यातच काढावा आणि मासा स्वतः शेपटी मारेपर्यंत त्याला सरळ धरून ठेवावे. जो मासा ठेवायचा, तो काठावर वजन करून सचिव वहीत त्याची लांबी आणि वजन लिहून घेतात. संस्थेची जाळी पाण्यात उतरण्याआधी सोडलेले बीज कसे वाढते आहे, हे त्यांना या नोंदींवरून कळते. पुढे मार्गशीर्षात पाणी गार होते तसे कटल्याचे चरणे मंदावत जाते, आणि त्यानंतर मी पेंडीऐवजी तळाजवळ मृगळासाठी गांडूळ लावतो.