लघवीची नळी काढायला किती वेळ लागतो?

दोन मिनिटं, असं सिस्टर म्हणाली होती. हर्नियाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, बायको खाली बिल भरून आलेली, फक्त नळी काढायची बाकी.

ज्यांना कधी लागली नाही त्यांना सांगतो (नशीबवान आहात), ही फोलीची नळी आत टिकते ती टोकाजवळच्या छोट्या फुग्यामुळे, नळी आत गेली की सिरींजने त्यात 10 एमएल वगैरे पाणी भरतात आणि काढताना तेच पाणी ओढून घेतात. माझं पाणी परत आलंच नाही. सिरींज बदलली, तरी तेच. फुग्यात सलाईन भरलं तर मीठ साचून तो बारीक रस्ता बंद होऊ शकतो म्हणून स्टराइल वॉटर वापरतात, हे मला नंतर कळलं, माझ्या फुग्यात काय भरलं होतं देव जाणे.

अशा वेळी जोर लावायचा नसतो. व्हॉल्व्ह (फुग्यात पाणी भरायचं बाहेरचं तोंड) कापून बघतात, बारीक तार घालतात, नाहीच जमलं तर सोनोग्राफीवर बघत सुईने फुगा फोडतात. माझ्याकडे आधी ओढून बघितलं. "काका, लांब श्वास घ्या." मी श्वास घेतला आणि पुढचं जे ओरडलो ते बाजूच्या वॉर्डात ऐकू गेलं म्हणे. पिशवीत कोकम सरबताचा रंग उतरला. आमच्याकडे तेव्हापासून कोकम सरबत होत नाही.

मग एक ज्युनियर डॉक्टर आला, त्याने फुग्यात पाणी भरत भरत तो आतच फोडला आणि नळी सुटली. सगळ्यांनी हुश्श केलं, फक्त बायको ट्रेमध्ये वाकून बघत होती. "अहो डॉक्टर, ह्याचा एवढा तुकडा कुठंय?" येईल लघवीवाटे, म्हणाला. तो काही आला नाही. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, कॅथेटर रिमूव्ड, अनइव्हेंटफुल, म्हणजे नळी काढली, काही त्रास झाला नाही. नळी आणि बॅच नंबरचं पाकीट दोन्ही कचऱ्यात गेलेलं, त्यामुळे नंतर भांडायला गेलो तेव्हा हातात तेवढं एक कार्ड.

पाच महिन्यांत दोनदा इन्फेक्शन झालं, तिसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरने सोनोग्राफी करायला लावली तर मूत्राशयात खडा. दुर्बिणीतून फोडला आणि मधोमध निघालं नखाएवढं पिवळट रबर, त्याच्याभोवतीच खडा धरला होता. बायकोने ते बाटलीत मागून घेतलं. फाईलशेजारी कपाटात आहे.

खडा गेला, पण ओढाओढीत मूत्रमार्गात जे फाटलं होतं ते भरताना आवळलं. स्ट्रिक्चर. युरोफ्लोच्या, म्हणजे लघवीचा वेग मोजायच्या मशीनवर नॉर्मल माणसाचा ग्राफ टेकडीसारखा चढून उतरतो, माझा टेबलासारखा सपाट, सेकंदाला 7 एमएल, जिथे 15 च्या वर हवं. एकदा आतून कापून मोकळं केलं, आठ महिन्यांत पुन्हा आवळलं. आता परत आवळू नये म्हणून आठवड्यातून दोनदा बाथरूमची कडी लावून, जेली लावून, 14 नंबरची नळी मीच घालतो, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास जाडी. ही साधी असते, फुगा नसलेली. तरी घालण्याआधी टोक दहा वेळा चाचपतो. पुढचा उपाय म्हणजे गालाच्या आतलं अस्तर काढून तिथे लावायचं ऑपरेशन, ज्याचा विचार मी अजून करतोच आहे. गालाचं अस्तर तिथे, म्हणजे काय ही जागा!

ऑफिस ऐरोलीला, ट्रेनने दहाएक मिनिटं, पण निघायच्या तासभर आधीपासून चहा बंद. गडकरीला नाटक असेल तर कडेची सीट. ठाण्यातलं कुठलं सुलभ किती वाजता स्वच्छ असतं हे मला विचारा.

सोमवारी परत युरोफ्लो आहे. ब्लॅडर भरून या म्हणतात, म्हणजे घरून लिटरभर पाणी पिऊन निघायचं. रिक्षा तीन हात नाक्याच्या ट्रॅफिकमधून जाणार, सकाळी साडेनऊला. बायको म्हणते पाणी तिथे पोचून प्या, तिला तासभर थांबायला चालेल.