सेकंड हँड डिस्क

सोनीचा पीएस ५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल) वरचा मोठा गेम नवीन निघाला की जवळपास पाच हजार रुपये. माझा महिन्याचा डबा २,८००. म्हणजे एका गेमसाठी पावणेदोन महिने उपाशी, आणि ते पण पीएस ५ असता तर, माझ्याकडे मावसभावाकडून हप्त्याने घेतलेला जुना पीएस ४ आहे (दोन हप्ते बाकी, तो विषय काढत नाही, मीही नाही). मे महिन्यात नागपूर ४५ वर गेलं की रूममधला कूलर आणि हा दोघं मिळून असे घोंघावतात की घरमालक एकदा वर येऊन विचारून गेले, पंप लावला का म्हणून.

तर नवीन गेमचा विषयच संपला. जुन्या डिस्कचं गणित घरी समजावून सांगायला गेलो तर बाबा म्हणाले, "हे तं रद्दीचा धंदा झाला." पण बघा ना, ९०० ला घेतली, वीस दिवस खेळली, ८०० ला विकली, गेम पडला १०० रुपयांत आणि तेच ८०० पुढच्या डिस्कमधे. दोन वर्षं झाली, माझे तेच हजारेक रुपये नागपूरभर फिरून राहिलेत. फक्त मधे परीक्षा आली की वीस दिवसांचे दोन महिने होतात आणि तोवर भाव पडतो.

सौदा बहुतेक सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर. मी हिंगण्याकडचा, लोकमान्य नगरवरून अ‍ॅक्वा लाइनने येतो, समोरचा ऑरेंज लाइनने, दोन्ही लाइनी तिथंच भेटतात आणि बर्डीच्या गर्दीत उन्हात उभं राहावं लागत नाही. डिस्क घेतली की उलटी करून मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपी धरायची. पीएस ४ चे गेम ब्लू-रे डिस्कवर येतात, आणि ब्लू-रेमधे डेटाचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत तो ०.६ वर, पार मधोमध. म्हणून ब्लू-रेवर कडक कोटिंग असतं, सहसा ओरखडा पडत नाही, पण एकदा खोल गेला की घासूनपुसून काही होत नाही. डीव्हीडीच्या काळातला ओरखड्यावर टूथपेस्ट घासायचा प्रयोग इथं करू नका, मी केलाय.

एवढा मी तज्ज्ञ, आणि रेड डेड रिडेम्प्शन २ च्या वेळी फसलो. नागपुरातल्याच इंदोऱ्याचा एक पोट्टा, डिस्क चकाचक, ७०० रुपये दिले, रूमवर येऊन लावली तर पीएस ४ डेटा डिस्क मागून राहिला. २०१८ चा हा गेम पीएस ४ वर दोन डिस्कवर येतो, आधी डेटा डिस्कवरून इन्स्टॉल करायचा, मग प्ले डिस्क लावून खेळायचा, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी एकीवरच टॉर्च मारत बसलो, डब्यातली दुसरी जागा रिकामी आहे हे बघितलंच नाही.

फोन केला. "भाऊ, दुसरी डिस्क?"

"अबे हो! ते इन्स्टॉल झाल्यावर कधी लागलीच नाही ना. पलंगाखाली असन."

आता हा फोन उचलणार नाही असं धरूनच चाललो होतो, पण तिसऱ्या दिवशी आला, डिस्क शर्टाला पुसत (बघवत नव्हतं), आणि वरून तर्री पोहेही त्यानेच चारले. खाताखाता म्हणतो, शेवट सांगू नको. त्याचा गेम अर्धाच झाला होता, परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे कमी पडले म्हणून विकला. "नोकरी लागली की परत घेतो, सेव्ह आहे माझा."

ते खरं आहे. सेव्ह, म्हणजे गेम कुठवर आला त्याची नोंद, डिस्कवर नसतो, कन्सोलमधे राहतो. मी पण गॉड ऑफ वॉर असाच अर्ध्यात विकला होता, आठ महिन्यांनी सक्करदऱ्याच्या एकाकडून दुसरी कॉपी घेतली, लावली, तर गेमचा हिरो क्रेटोस आणि त्याचा पोरगा तिथंच, त्याच नावेत, मी सोडून गेलो होतो तसेच. फक्त कुऱ्हाड कोणत्या बटनाने फेकतात तेच मी विसरलो होतो. किनाऱ्यावर उतरलो आणि पहिल्याच फाइटमधे मेलो.