एका बोल्टनं खाल्लेले एकोणीस दिवस

जीपची बॉडी चेसिसवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, उचलायला लागतात दहा मिनिटं. सहा माणसं लावायची, ‘हं, घ्या वर’ म्हणायचं, झालं. त्याआधीचे एकोणीस दिवस माझे एका बोल्टनं खाल्ले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

गाडी आमच्या आप्पांची. महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. १९५३ साली अमेरिकेत विलीजनं उंच डोक्याचं हरिकेन इंजिन जीपमध्ये घातलं, ते मावावं म्हणून बॉनेट वर गेलं, तेच हे मॉडेल. फैजपूरजवळच्या मळ्यात खतं, पाइप, मजूर वाहून थकली आणि पुढची बारा वर्षं कोंबड्यांच्या नावावर झाली. अँबेसेडर किंवा फियाट असती तर हे बॉडी उचलायचं काम निघालंच नसतं, त्यांना वेगळी चेसिसच नाही.

बॉनेट, मडगार्ड, जाळी, रेडिएटर, वायरिंग दोन दिवसांत सुटलं. बॉडीचे बोल्टही डिझेलमध्ये रात्रभर भिजवून निघाले. सगळे निघाले असं समजून आम्ही जोर लावला. तीन कोपरे उठले, ड्रायव्हरच्या मागचा कोपरा जागचा हलेना.

खाली घुसून पाहिलं तर रबराखाली नट. पाना लावला, फिरला. मी खूश. फिरतच राहिला. वरून बोल्टही सोबत फिरत होता, आणि वर बघावं तर बोल्टचं डोकंच नाही, नुसता पत्रा. ग्राइंडर घालायला जागा नाही, एकीकडे चेसिस, दुसरीकडे स्प्रिंगच्या पाट्याची कडी, शॅकल.

मिस्त्री म्हणाला, “गॅसनं काप भो, दोन मिनिटांचं काम.” गॅसवाल्याला फोन केला. “सकाळी येतो.” दुसऱ्या दिवशी “दुपारून येतो.” मग त्याच्या साल्याचं लग्न, मग सिलिंडर संपला, मग फोनच बंद. वैशाखाचं ऊन, तापमान ४५, वर पत्र्याचं शेड, आणि मी रोज सकाळी शेडच्या दारात उभा. आप्पा खाटेवरून विचारायचे, “आला का तुझा जावई?”

तेराव्या दिवशी माझा धीर सुटला. त्या कोपऱ्याखाली जॅक लावून दाबलं. बोल्ट तिथंच, फरशीचा पत्रा मात्र वीतभर फाटला. हे करू नका. त्या फाटीच्या वेल्डिंगचे पैसे मी अजून मोजतोय.

पण त्या फाटीतूनच उलगडा झाला. पत्रा दोन पदरी दिसला. कधीकाळी कोण्या डेंटरनं सडलेल्या फरशीवर नवा पत्रा ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं होतं, बोल्टच्या डोक्यासकट. मग डोकं चाललं. पलीकडच्या बोल्टचं मागच्या कडेपासून आणि बाजूच्या पत्र्यापासून माप घेतलं, तेच इकडे उलटं टाकलं, खडूनं फुली मारली. छिन्नीनं फुलीभोवती पत्रा उलगडला. आत डांबर, गंजाचा भुगा, आणि मधोमध ते डोकं, बोरासारखं गोल झालेलं. चुलतभावानं वरून वाइस ग्रिपनं आवळून धरलं, मी खालून पाना ओढला. कर्रर्र आवाज आला आणि नट माझ्या कपाळावर पडला.

तेव्हा जोर लावण्याआधी डाव्या बाजूचे बोल्ट मोजा, उजव्या बाजूचे मोजा. आकडा जुळला नाही तर पॅच शोधा.

हो, पेट्रोलची टाकी सगळ्यात आधी काढा. या जीपमध्ये ती ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. रिकामी आहे म्हणून गॅसजवळ ठेवू नका, आत वाफ राहते आणि तीच पेटते. आम्ही टाकी थेट विहिरीपाशी नेऊन ठेवली होती. स्टिअरिंगचं चाकही पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावून काढावं लागतं, कारण दांडा चेसिसलाच राहतो, बॉडी त्याच्यावरून वर जाते. आणि रंगकामाआधी चेसिस नंबर घासून साफ करून कागदावर पेन्सिलनं छाप घेऊन ठेवा, आरटीओत त्या नंबरावरच सगळं अडतं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मळ्यातली माणसं बोलावली, बॉडी उचलली आणि चार ड्रमवर ठेवली. आप्पा उठून आले, नागड्या चेसिसभोवती एक चक्कर मारली, काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गॅसवाला सिलिंडर घेऊन हजर. म्हणाला, “कुठंय बोल्ट?” मी खिशातून काढून हातावर ठेवला. चहा पिऊन गेला.