तुम्ही विचारलंत म्हणून: बँकेच्या रोलमध्ये चांदी खरंच सापडते का?

अमेरिकेत बँकेतून नाण्यांचे रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या, आणायचे आणि त्यात जुनी चांदीची नाणी शोधायची, या छंदाबद्दल ऐकलं की प्रश्न ठरलेला असतो: "खरंच सापडते का? आणि नेमकं करायचं काय?"

सापडते, आणि तीही दर्शनी किमतीला. ५०० डॉलर देऊन आणलेल्या बॉक्समध्ये काहीच निघालं नाही, तर तेच ५०० डॉलर पुन्हा खात्यात भरता येतात. खर्च होतो तो वेळ आणि पेट्रोल. म्हणून कसब आहे ते वेळ वाचवण्यात.

१९६४ पर्यंतच्या डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) आणि हाफ डॉलरमध्ये (५० सेंट) ९० टक्के चांदी असे. १९६५ च्या नाणेविषयक कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढून टाकली, हाफ डॉलरमध्ये मात्र १९७० पर्यंत ४० टक्के ठेवली. १९७१ पासून चलनातला हाफही तांबं-निकेलचा झाला. डाइम आणि क्वार्टर रोज हातातून जाणारी नाणी, त्यामुळे त्यातली चांदी लोकांनी लवकरच वेचून घेतली. हाफ कोणी फारसा खर्च करत नाही. तो डब्यात पडून राहतो आणि आजोबांच्या पश्चात नातवंडं तो डबा न बघताच बँकेत रिकामा करतात. म्हणून नवख्याने सुरुवात हाफपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

हाफच्या एका रोलमध्ये २० नाणी, म्हणजे १० डॉलर. बॉक्समध्ये ५० रोल, १००० नाणी, वजन साधारण साडेअकरा किलो. बॉक्स आधी मागवून ठेवावा लागतो आणि त्यासाठी त्या बँकेत खातं असलेलं बरं. शुल्क लागतं का, तेही आधीच विचारा. पण बॉक्सपेक्षा चांगली जागा टेलरच्या, म्हणजे काउंटरवरच्या कॅशियरच्या, ट्रेमध्ये असते. मशीनने गुंडाळलेल्या रोलमधला माल आधीच मोजून, मिसळून आलेला असतो. ग्राहकाने हाताने गुंडाळलेला, टोकं वेडीवाकडी दुमडलेला जुना कागदी रोल थेट कोणाच्या तरी घरातून आलेला असतो. तेव्हा काउंटरवर इतकंच विचारा: "ग्राहकांनी आणून दिलेले हाफचे रोल किंवा सुटे हाफ आहेत का?" नाही म्हणाले तर आभार मानून निघा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा.

रोल फोडला की नाणी वेगळी करू नका. वीसच्या वीस एका ओळीत तळहातावर आडवी धरा आणि खिडकीच्या उजेडात कडा बघा. साध्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लालसर रेघ ठळक दिसते. ९० टक्क्यांच्या नाण्याची कड सगळीकडून पांढरी असते, त्या लाल रांगेत ती लगेच डोळ्यांत भरते. घोटाळा होतो तो ४० टक्क्यांच्या नाण्यात. त्याच्या बाहेरच्या थरांत ८० टक्के चांदी आणि गाभ्यात जेमतेम २१ टक्के, बाकी तांबं. त्यामुळे कड करडी, कधी फिकट तपकिरी दिसते आणि घाईत साध्या नाण्यात खपून जाते. वजनकाटाही इथे फारसा उपयोगी नाही. ४० टक्क्यांचा हाफ ११.५ ग्रॅमचा आणि साधा ११.३४ ग्रॅमचा, थोडी झीज झाली की फरक संपला. यावर उपाय एकच: हाफच्या बाबतीत कड बघून झाल्यावर प्रत्येक नाण्यावरचं साल वाचा.

नुसतं साल वाचूनही भागत नाही. १९९२ पासून संग्राहकांसाठी 'एस' या टांकसाळीच्या खुणेची चांदीची प्रूफ, म्हणजे खास चकचकीत घडवलेली, नाणी निघतात आणि कोणीतरी सेट फोडून ती खर्चून टाकतं. साल नवं, पण कड पांढरी. सालाने सुटलेलं कड पकडते आणि कडेने सुटलेलं साल पकडतं. १९७० चा हाफ दिसला तर तो वेगळा ठेवा. तो फक्त संग्राहकांच्या सेटमध्येच निघाला होता आणि त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त असते.

हिशेब ग्रॅममध्ये केला की सोपा जातो. ९० टक्क्यांचा हाफ १२.५ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याला थोडी कमी. ४० टक्क्यांच्या हाफमध्ये ४.६ ग्रॅम, चांदीच्या क्वार्टरमध्ये ५.६ आणि डाइममध्ये सव्वादोन ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा, झालं.

निकेलचं, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याचं, गणित निराळं. युद्धकाळात, १९४२ ते १९४५ मध्ये, त्यात ३५ टक्के चांदी घातली होती. इथे कड काहीच सांगत नाही, कारण साध्या निकेललाही लाल रेघ नसते. १९४२ मध्ये दोन्ही प्रकार निघाले, म्हणून सालही पुरेसं नाही. मागच्या बाजूला मॉन्टिसेलो या इमारतीचं चित्र असतं, तिच्या घुमटावर 'पी', 'डी' किंवा 'एस' हे मोठं अक्षर असेल तर चांदी. मिश्रणातल्या मँगनीजमुळे ही नाणी वापरून काळपट, तेलकट दिसू लागतात.

बघून झालेली नाणी जिथून आणली त्या शाखेत परत देऊ नका. तीच नाणी पुन्हा तुमच्याच हातात येतील आणि टेलरही वैतागेल. आणायची बँक एक, भरायची दुसरी. भरायच्या बँकेत नाणी मोजायचं मशीन आहे का आणि ते हाफ घेतं का, हे आधी विचारून घ्या. अनेक मशीन घेत नाहीत. मशीनने परत टाकलेल्या नाण्यांचा खण मात्र जाता-येता बघत जा. चांदीचं नाणं तिथे साध्यासारखं ओळखलं जात नाही, म्हणून पुष्कळदा त्या खणातच पडून असतं.

पुढचा प्रश्न असतो, भारतात हे जमेल का? नाही. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात पूर्वी बारापैकी अकरा भाग चांदी असे, १९४० मध्ये ती निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. ते चांदीचे रुपये चलनातून केव्हाच बाद झाले. आता ते सराफाकडे किंवा लक्ष्मीपूजनाच्या ताटात भेटतात. अमेरिकेत १९६४ चा हाफ आजही ५० सेंटचं कायदेशीर चलन आहे, म्हणूनच तो बँकेच्या रोलमध्ये येऊ शकतो.

आणि एक कळकळीची विनंती. सापडलेलं नाणं घरच्या निरांजनासारखं घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि संग्राहक ते चांदीच्या भावानेच घेतो. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि न चोळता मऊ कपड्यावर टिपून घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर कालांतराने हिरवट चिकट थर चढतो; त्यापेक्षा वीस हाफ मावणारी कडक प्लास्टिकची नळी घ्या.